किल्ली कुणाच्या कमरेला? ब्रुज शहरातली एक पायी फेरी



आज आपण पायी फिरायला जायचं आहे, आणि तेही लांब, युरोपात. बेल्जियम नावाचा एक छोटा देश आहे. त्याची राजधानी ब्रुसेल्स. तिथून रेल्वेनं तासाभरात ब्रुज नावाच्या शहराला पोचता येतं. स्टेशनवर उतरलं की पुढे गाडीची गरज नाही. जुनं शहर अंड्याच्या आकाराचं आहे, भोवती कालवा आहे, आणि या टोकापासून त्या टोकाला अर्ध्या-पाऊण तासात चालत जाता येतं. सकाळी निघालं तर संध्याकाळपर्यंत सगळं शहर डोळ्यांखालून जातं.

सातशे वर्षांपूर्वी हे शहर फार श्रीमंत होतं. इंग्लंडहून लोकर यायची, इथे तिचं उंची कापड व्हायचं आणि ते जहाजांतून दूरदूर जायचं. इटली, स्पेन, जर्मनीचे व्यापारी इथे पेढ्या घालून बसलेले असत. त्या काळची घरं, पूल, चर्च, मनोरे अजून उभे आहेत. म्हणून युनेस्कोनं सन २००० मध्ये जुन्या शहराला जागतिक वारशाचा दर्जा दिला.

फिरायला आलेले लोक राजांच्या आणि लढायांच्या गोष्टी ऐकतात. आपण मात्र फिरताना वेगळे प्रश्न विचारू. या शहरातल्या बायका काय काम करत होत्या? राहत होत्या ते घर कुणाचं होतं? कमावलेला पैसा कुणाच्या हातात पडत होता?

सकाळ: भिंतीआडची वसाहत

स्टेशनवरून थोडं चाललं की एक तळं लागतं. पाण्यात पांढरे राजहंस असतात. तळ्याच्या कडेनं पुढे गेलं की छोटा पूल आणि पलीकडे मोठं दार. दारावर १७७६ हे साल कोरलेलं आहे. पण दाराआडची वसाहत त्याहून पाचशे वर्षांनी जुनी आहे. आत गेलं की आवाज एकदम कमी होतो. मध्ये गवताचं मोठं अंगण, उंच झाडं आणि चहूबाजूंनी पांढरी, दोन मजली घरं. ही बेगीन बायकांची वसाहत.

बेगीन म्हणजे कोण, ते जरा नीट सांगते. तेव्हा युरोपात बाईपुढे सरळ दोन वाटा असत. एक लग्न, म्हणजे नवऱ्याचा अंमल. दुसरी मठ. मठात नन व्हायचं तर आयुष्यभराची शपथ, मालमत्ता सोडायची, आणि आत प्रवेश घेतानाही बहुतेक वेळा पैसा लागायचा. यान व्हॅन आयक हा याच शहरात राहिलेला मोठा चित्रकार. तो गेल्यावर, १४५० साली, त्याच्या मुलीला मठात जाता यावं म्हणून तिथल्या ड्यूकनं, म्हणजे राज्यकर्त्यानं, पैसे दिले. नामवंताच्या मुलीची ही गत, तर खेड्यातून शहरात कामाला आलेल्या मुलीनं काय करायचं?

या दोन वाटांच्या मधून बायकांनी तिसरी वाट काढली. तेराव्या शतकात फ्लँडर्समध्ये, म्हणजे बेल्जियमच्या या भागात, एकट्या बायका एकत्र राहू लागल्या. त्या देवधर्म करत, साधं राहत. पण त्यांनी जन्मभराची शपथ घेतली नव्हती. आपली मालमत्ता त्या स्वतःकडे ठेवू शकत. वसाहतीत राहीपर्यंत ब्रह्मचर्य पाळायचं आणि तिथले नियम मानायचे. उद्या मन बदललं, लग्न करावंसं वाटलं, तर दार उघडून बाहेर पडता येत होतं. याच त्या बेगीन.

पोटासाठी त्या स्वतः राबत. ब्रुजच्या बेगीन कापडधंद्यासाठी लोकर धुण्याचं काम करत. वसाहत पाण्याकाठी आहे, ते उगीच नाही. इतर शहरांतल्या बेगीन सूत काततात, आजाऱ्यांची सेवा करतात, मुलींना शिकवतात, मयताच्या घरी जाऊन प्रार्थना करतात, असे उल्लेख आहेत. लोकर धुणं हे काही नाजूक, नावाजलेलं काम नव्हे. गार पाण्यात हात फुटत असतील. पण मिळालेली मजुरी आपली होती आणि कारभारी बाई त्यांच्यातलीच असे. ती वसाहतीचा हिशेब आणि शिस्त बघे.

ही वसाहत १२४५ च्या सुमारास उभी राहिली. तेव्हा फ्लँडर्सची सत्ताही एका बाईच्या हाती होती. काउंटेस मार्गारेट तिचं नाव. तिनं या बायकांना आधार दिला. पुढे १२९९ मध्ये फ्रान्सच्या राजानं वसाहत थेट आपल्या संरक्षणाखाली घेतली.

संरक्षण लागत होतं, कारण नवऱ्याच्या आणि मठाच्या धाकाबाहेरच्या या बायका अनेकांच्या डोळ्यांत सलत होत्या. मार्गारेट पोरेत नावाच्या एका बेगीन बाईनं देवाबद्दल स्वतःच्या बुद्धीनं पुस्तक लिहिलं. ते मागे घ्यायला ती तयार झाली नाही. १३१० साली पॅरिसमध्ये तिला जिवंत जाळलं. त्यानंतर एक-दोन वर्षांतच चर्चच्या मोठ्या परिषदेनं बेगीन बायकांच्या राहणीविरुद्ध ठराव केले. पुष्कळ ठिकाणच्या वसाहती मोडल्या. फ्लँडर्समधल्या टिकल्या, कारण त्यांच्या पाठीशी सत्ताधारी होते आणि त्यांचं काम शहराला हवं होतं.

सगळं गोडगोड होतं असं मात्र समजू नका. ऐपतवालीचं स्वतंत्र घर असे आणि गरीब बाई सामाईक घरात राही. कपड्याला नियम, येण्या-जाण्याला नियम, रात्री दार बंद. हे दार आजही संध्याकाळी बंद होतं. पण त्या दाराची किल्ली आतल्या बाजूला होती, बायकांकडे. त्या काळाच्या मानानं ही साधी गोष्ट नव्हती.

ब्रुजमध्ये आता बेगीन उरल्या नाहीत. १९२७ पासून इथे नन राहतात आणि काही घरांत शहरातल्या एकट्या बायका राहतात. जगातली शेवटची बेगीन मार्सेला पॅटिन. ती २०१३ साली ९२ वर्षांची होऊन कोर्टरिक या जवळच्याच शहरात वारली. तिची नजर फार अधू होती. तरुणपणी तिला मठात जायचं होतं, पण ती ओझं होईल म्हणून मठानं घेतलं नाही. बेगीन बायकांनी घेतलं. ती वाद्यं वाजवायची, विणायची. आठशे वर्षांची परंपरा तिच्याबरोबर संपली. फ्लँडर्समधल्या अशा १३ वसाहती १९९८ पासून जागतिक वारसा म्हणून जपल्या जातात.

म्हाताऱ्या माणसांची घरं

वसाहतीच्या बाहेर पडलं की जवळच बुटक्या, पांढऱ्या घरांची एक रांग दिसते. मध्ये एक बाग. हे १७१३ सालचं धर्मादाय निवासस्थान. अशी निवासस्थानं या शहरात चौदाव्या शतकापासून आहेत. त्यांच्या भाषेत त्यांना 'देवाची घरं' म्हणतात. काही श्रीमंतांनी पुण्यासाठी बांधली. काही कारागिरांच्या संघांनी बांधली, आपल्या सभासदाच्या मागे राहिलेल्या विधवेला आणि थकलेल्या माणसांना आसरा म्हणून. राहणाऱ्यांनी दात्यासाठी प्रार्थना करायची अशी अट असे. ही घरं म्हणजे नुसती बघायची जुनी इमारत नव्हे. शहराच्या समाजसेवा विभागाकडून आजही म्हातारी माणसं तिथे राहतात. दारातल्या कुंड्यांना रोज पाणी घातलेलं असतं. म्हणून मोठ्यानं बोलत जाऊ नये.

रुग्णालयात चार नावं

रस्ता धरून उत्तरेला निघालं की सेंट जॉन रुग्णालय लागतं. बाराव्या शतकाच्या मध्याला सुरू झालेलं हे रुग्णालय विसाव्या शतकापर्यंत चालू होतं. आता तिथे संग्रहालय आहे. जाड विटांच्या भिंती, लाकडी तुळया आणि भलामोठा दालनवजा वॉर्ड. १७७८ च्या सुमाराचं एक चित्र तिथे आहे. रांगेनं खाटा, खाटांना पडदे, आणि सिस्टर बायका आजाऱ्यांना जेवण देताहेत, धरून उठवताहेत. प्रवासी, गरीब, निराधार असे लोक इथे येत. औषध फारसं नव्हतंच. अंथरूण, गरम जेवण आणि प्रार्थना, एवढाच उपचार. तो देणारे हात बहुतेक बायकांचे.

याच इमारतीत हान्स मेमलिंग या चित्रकाराची मोठी चित्रं आहेत. त्यातलं एक १४७९ सालचं, मोठ्या कपाटाच्या दारांसारखं उघडझाप होणारं. दारं मिटली की बाहेरच्या बाजूला चार माणसं गुडघे टेकून बसलेली दिसतात. दोन पुरुष आणि दोन बायका. चौघंही रुग्णालयातले. त्या दोघींची नावंही आपल्याला माहीत आहेत. एक प्रमुख सिस्टर ॲग्नेस काझेमब्रूट, दुसरी सिस्टर क्लारा व्हॅन हुल्सेन. कितीतरी आजाऱ्यांची घाण काढलेल्या बायकांमधल्या दोघींचे चेहरे आणि नावं साडेपाचशे वर्षं टिकली. बाकीच्यांची कुठे टिकली?

दुपार: राणीची कबर आणि बायकोचं चित्र

रुग्णालयासमोर विटांचं उंच मनोऱ्याचं चर्च आहे. मनोरा ११५ मीटरहून उंच. आत मायकेलअँजेलो या इटलीच्या शिल्पकारानं १५०४ च्या सुमारास घडवलेली संगमरवरी आई आणि बाळाची मूर्ती आहे. ब्रुजच्या एका कापड-व्यापारी घराण्यानं ती विकत घेतली. ती दोनदा पळवली गेली. १७९४ मध्ये फ्रेंचांनी नेली. १९४४ मध्ये जर्मन सैनिकांनी गाद्यांत गुंडाळून नेली, ती पुढे मिठाच्या खाणीत सापडली. दोन्ही वेळा ती परत आली.

याच चर्चमध्ये मेरी ऑफ बर्गंडी हिची कबर आहे. वडील लढाईत पडले आणि १९ वर्षांच्या या मुलीच्या हाती १४७७ मध्ये राज्य आलं. शहरांनी ती अडचणीत आहे हे बघून आपले जुने हक्क तिच्याकडून लिहून घेतले. पाच वर्षांनी शिकारीला गेली असताना ती घोड्यावरून पडली आणि वारली. वय २५. तिच्या नवऱ्याचं आणि ब्रुजच्या लोकांचं पुढे जुंपलं. त्यांनी त्याला १४८८ मध्ये काही महिने कोंडूनही ठेवलं. सुटल्यावर त्यानं परदेशी व्यापाऱ्यांना अँटवर्प शहराकडे वळवलं. तिकडे समुद्राकडे जाणारी खाडी गाळानं भरत चालली होती. शहराची भरभराट ओसरली ती अशी. पुढे नवं बांधायला पैसा नव्हता, म्हणून जुनं टिकलं. गरिबीनं राखून ठेवलेलं सौंदर्य आज पर्यटक बघायला येतात.

चर्चमागे एक चिंचोळा दगडी पूल आहे. तो शहरातला सर्वांत जुना वाटतो. खरं तर बांधलाय १९१० च्या आसपास! पुलावरून पुढे गेलं की चित्रसंग्रहालय. तिथे मार्गारेट या बाईचं छोटंसं चित्र आहे, व्हॅन आयकच्या बायकोचं. नवऱ्यानंच काढलेलं. लाल झगा, डोक्याला पांढरं, झालरीचं वस्त्र, ओठ मिटलेले, नजर थेट आपल्याकडे. चौकटीवर तिच्याच तोंडचे शब्द लिहिलेत. माझ्या नवऱ्यानं मला १४३९ मध्ये पूर्ण केलं आणि माझं वय तेव्हा ३३ होतं, असा त्यांचा अर्थ. राणी नाही, संत नाही, कामकऱ्याची बायको. तिचं असं स्वतंत्र चित्र त्या काळात फार दुर्मीळ.

घंटाघर आणि पेटी

कालव्याकाठानं बाजारचौकात यायचं. तिथे ८३ मीटर उंच घंटाघर आहे. वर जायला ३६६ पायऱ्या. वर ४७ घंटा टांगलेल्या आहेत. पूर्वी घंटेच्या आवाजावर शहर चालायचं. काम सुरू, काम बंद, आग लागली, सगळं घंटाच सांगायची.

चढताना मध्ये एक खोली लागते. शहराचे हक्काचे कागद तिथे लोखंडी जाळीमागे, अनेक कुलपांच्या पेटीत ठेवत. किल्ल्या वेगवेगळ्या माणसांकडे, म्हणजे एकट्याला पेटी उघडता येऊ नये. बचत गटाची पेटी ज्यांनी सांभाळलीय त्यांना ही युक्ती समजावून सांगायला नको. फरक इतकाच की त्या सगळ्या किल्ल्या पुरुषांच्या कमरेला होत्या.

तरी बाजारात बायका होत्याच. फ्लँडर्सच्या रूढ कायद्यात मुलींनाही मुलांबरोबर वडिलोपार्जित वाटा मिळे. विधवेला संसारातल्या मालमत्तेचा अर्धा वाटा मिळे. जाहीरपणे व्यापार करणारी लग्न झालेली बाई आपल्या नावानं व्यवहार करू शके. खानावळी, धर्मशाळा, कापडाचे गाळे चालवणाऱ्या बायका या शहराच्या कागदपत्रांत सापडतात.

संध्याकाळ: कांड्यांचा आवाज

आता शेवटचा टप्पा. पूर्वेला सेंट ॲन नावाची जुनी, कष्टकऱ्यांची वस्ती आहे. घरं लहान, गल्ल्या शांत. तिथे बालस्ट्राट या गल्लीत एका जुन्या लेसशाळेच्या इमारतीत लेसचं केंद्र आहे. दुपारी गेलं तर बायका लेस करताना बघायला मिळतात. मांडीवर किंवा समोर घट्ट उशी, तिच्यावर नक्षीचा कागद, कागदावर टाचण्या आणि प्रत्येक धाग्याला लाकडी कांडी. कांड्या डावी-उजवीकडे टाकत टाचण्यांभोवती धागे गुंफायचे. बारीक कामाला शंभरच्या वर कांड्या लागतात. त्यांचा खुळखुळ आवाज चालू असतो.

ही कला इथे सोळाव्या शतकापासून आहे. राजे-राण्यांच्या गळ्याशी आणि बाह्यांना ही लेस असे. पण ती करणारीची गोष्ट वेगळी आहे. १८४० नंतर फ्लँडर्समध्ये फार वाईट दिवस आले. यंत्रांमुळे घरच्या हातमागाचा धंदा बसला, बटाट्याचं पीक रोगानं गेलं, उपासमार झाली. तेव्हा गावोगाव नन बायकांनी लेसशाळा काढल्या. पाच-सात वर्षांच्या मुली तिथे दिवसभर कांड्या टाकत. वाचायला-लिहायला थोडंच शिकवत. मोठ्या झाल्या की त्याच मुली घरी बसून तेच काम करत. नक्षी आणि धागा दलालाचा. भाव दलाल ठरवणार. ती लेस परदेशात किती किमतीला जाते, हे करणारीला कधीच कळत नसे. बारीक धाग्यानं डोळे जात, वाकून वाकून पाठ जाई.

पहिल्या महायुद्धात बेल्जियम जर्मनांच्या ताब्यात होता. तेव्हा अमेरिकेच्या पुढाकारानं चाललेल्या मदत समितीनं धागा आत पाठवायची आणि लेस बाहेर विकायची व्यवस्था केली. त्यावर हजारो बायकांच्या घरी चूल पेटली. युद्ध संपल्यावर मात्र यंत्राच्या लेसपुढे हा धंदा टिकला नाही. आज बाजारचौकातल्या दुकानांत दिसणारी बरीचशी लेस हातची नसते.

ही गोष्ट नुसती तिकडचीच नाही. आंध्र प्रदेशात नरसापूर नावाचं गाव आहे. तिथे मिशनऱ्यांनी बायकांना क्रोशाची लेस शिकवली. मारिया मीस या जर्मन अभ्यासक बाईंनी तिथल्या लेसकामगार बायकांवर १९८२ मध्ये पुस्तक लिहिलं. लेस परदेशी जात होती, व्यापारी श्रीमंत होत होते, आणि दिवसातले कितीतरी तास राबणाऱ्या त्या बायकांना सगळे म्हणत होते, "त्या तर घरीच असतात."

मैत्रिणींनो, आता सकाळची वसाहत आणि संध्याकाळची लेस शेजारी ठेवून बघा. लोकर धुणारीच्या कामात कसलीच कला नव्हती. लेसवालीच्या बोटांत जगात नावाजलेली कला होती. तरी मान वर करून जगली ती लोकर धुणारी. तिच्या डोक्यावर छप्पर होतं, मजुरी तिच्या हातात पडत होती, आणि बरोबर बसायला इतर बायका होत्या. लेसवाली एकटी होती, खिडकीपाशी, आपल्या उशीवर वाकलेली.

आपल्याकडे बायकांना काहीतरी शिकवायचं म्हटलं की शिवण, भरतकाम, पापड, मसाले यांचं प्रशिक्षण निघतं. ते चांगलंच आहे, जरूर शिका. पण शिकताना विचारा की कच्चा माल कोण आणणार, भाव कोण ठरवणार, आणि पैसे कुणाच्या खात्यात जमा होणार. आणि घरी गेल्यावर एकदा बघा, राहतं घर ज्या कागदावर आहे, त्या ग्रामपंचायतीच्या नमुना आठच्या उताऱ्यावर तुमचं नाव आहे का. पुढच्या बैठकीत हप्ते गोळा करून झाले की पाच मिनिटं एवढ्याच विषयाला द्या. कुणाच्या उताऱ्यावर नाव आहे, कुणाच्या नाही, आणि ते चढवायला ग्रामपंचायतीत कुणी कुणाबरोबर जायचं, तेवढं ठरवूनच उठा.